साडेबाराचं पान

शैलजाच्या पदराच्या गाठीत मला गुळाचा खडा सापडला, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

वेळ नेमकी आठवते, कारण त्या दिवसांत मी घड्याळाखेरीज दुसरं काही पाहतच नव्हते. आमटीचं पातेलं घेऊन ती माझ्या खुर्चीपुढून सोप्याकडे निघाली होती. पदराचं टोक जड होऊन लोंबत होतं. मी तिला हाताने थांबवलं आणि गाठ सोडली.

“हे काय आहे?”

“गूळ, अव्वा.”

“गूळ आहे हे मला दिसतंय. बांधून कशाला ठेवलास?”

सोप्यातून पंक्तीचा आवाज आला, “आमटी येऊ द्या की वो!”

शैलजाने एकदा तिकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “जवळ असावा म्हणून. साखर उतरली तर...”

“उतरली आहे का?”

“मला कळत नाही ना.”

“तुला कळत नाही म्हणूनच हा तक्ता आणला आहे.” खुर्चीशेजारच्या कोनाड्यातला कागद मी उचलला आणि तिला ऐकू जाईल असा वाचला. “एक वाजता एकशे अठ्ठेचाळीस. दीड वाजता एकशे बावन्न. दीडशे साखर अंगात असताना चोरून गूळ खायचा, याला काय म्हणायचं?”

“अव्वा, त्या वहीत जेवणाचं जे लिहिलंय ना, ते जरा...”

“मी लिहिलंय ते. घड्याळ मला वाचता येतं, शैलजा.”

ती पातेलं घेऊन पुढे गेली. गुळाची अख्खी ढेप मी त्याच दुपारी कोठीत ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोवली.

या गोष्टीला बारा वर्षं होऊन गेली. बार्शीच्या बाजारात आमची, म्हणजे कोऱ्यांची, आडत तीन पिढ्यांची. माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेला एक नेम होता : आपल्या आडतीवर माल घेऊन आलेला शेतकरी आपल्या घरी जेवून जाईल. दुकानाच्या मागेच घर. दुपारी साडेबाराला पहिली पंक्त बसायची, दीडला दुसरी. भाकऱ्या थापायला मल्लव्वा होती. बाकीचं सगळं घरच्या बायकांनी करायचं. मी लग्न होऊन आले त्याला त्या वर्षी बावन्न वर्षं झाली होती आणि बावन्न वर्षांत साडेबाराची पंक्त एकदाही पावणेएकला बसलेली नव्हती. बाजारातले लोक आमच्या घरातल्या ताटांच्या आवाजावर आपली घड्याळं लावतात, असं माझे यजमान हसून म्हणत. ते गेल्यावरही तो नेम मी मोडू दिला नाही.

शैलजा माझी एकुलती सून. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिला एक मोठा ताप आला आणि त्यातून उठली ती मधुमेह घेऊनच. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणंच बंद झालं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. सकाळ, दुपार, रात्र, प्रत्येक जेवणाआधी पोटात सुई. तिने ते निमूटपणे अंगवळणी पाडलं होतं. पुढे एक नवीनच संकट उभं राहिलं. साखर उतरली की पूर्वी तिला दरदरून घाम फुटायचा, हात कापायचे. मग ती साखर खायची आणि सावरायची. वारंवार उतरून उतरून शरीराने ती सूचना देणंच सोडून दिलं. दिवाळीच्या आधी ती माझ्यासमोर शेंगा निवडता निवडता बोलायची थांबली आणि सुपावर डोकं टेकून निजल्यासारखी पडली. नशिबाने मी जवळ होते.

“जवळ कुणी नसेल, तर ती अशी पडेल आणि पुन्हा उठणार नाही,” डॉक्टर हिरेमठ म्हणाल्या होत्या. हे वाक्य माझ्या मुलाने, चन्नवीरने, खाली मान घालून ऐकलं. मी मान वर ठेवून ऐकलं. पण त्या रात्रीपासून मला धड झोप म्हणून लागली नाही.

डॉक्टर निवेदिता हिरेमठ सोलापूरहून यायच्या. जेमतेम तिशीची मुलगी, पण बोलणं मोजकं आणि ठाम. त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी संगणकावर एक नवीन काम चालवलं होतं. माणूस कधी जेवतो, काय जेवतो, सुई कधी घेतो, हे सगळं त्या यंत्राला कळवायचं. दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवायची. ती रात्रंदिवस साखर टिपून ठेवणार, डॉक्टर दर दहा-पंधरा दिवसांनी येऊन ते आकडे उतरवून नेणार. दोन्ही ताडून यंत्र पुढचा अंदाज करणार : कोणत्या वेळी साखर किती असेल आणि सुई किती, केव्हा घ्यावी. शरीर सूचना देत नाही, तर कागद देईल.

“फक्त एक लक्षात ठेवा,” त्यांनी बजावलं होतं. “वही खरी हवी. अगदी मिनिटापर्यंत. तुम्ही जे लिहाल त्यावर हा अंदाज उभा राहणार.”

शैलजाने वहीसाठी हात पुढे केला होता. वही मी घेतली. तिला दिवसभर उसंत नव्हती, आणि या घरात कोण, काय, किती वाजता खातं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रोज संध्याकाळी मी शाईच्या पेनने लिहीत असे. सकाळी आठ, दोन भाकरी, भाजी, ताक. दुपारी सव्वाबारा, सुई. साडेबारा, जेवण. त्यापुढे सगळे जिन्नस. पहिल्या पंधरवड्यानंतर डॉक्टरांनी वही पाहिली आणि म्हणाल्या, “आजी, इतकी नेटकी वही मला अजून कुणी दिलेली नाही.” मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

मात्र आकडे पाहून त्या जरा विचारात पडल्या होत्या. “दुपारी जेवल्यावर दोन तास साखर हलतच नाही. पावणेतीननंतर एकदम चढते. जठराचं काम मंदावलं असावं. या आजारात तसं होतं. पुण्याला एक तपासणी करावी लागेल.” तोवरचा तक्ता त्यांनी दिला आणि सुईची वेळ काटेकोर पाळायला सांगितली.

सुई तोवर शैलजा स्वयंपाकघरात आपली आपण घेत असे. डॉक्टरांचा शब्द ऐकल्यावर ते मी माझ्या नजरेखाली आणलं. बरोब्बर सव्वाबाराला तिने माझ्या खुर्चीसमोर यायचं, सुई घ्यायची, मग कामाला लागायचं. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. दहा दिवस झाले होते. त्या दहा दिवसांत ती वाळत चालली होती, दुपारची चिडचिडी होऊ लागली होती, एकदा तर ती मल्लव्वाला कारण नसताना टाकून बोलली. मी तक्ता काढून बघायची. तक्त्यात सगळं ठीक असायचं. मग माझी धास्ती वाढायची आणि मी घड्याळ अधिकच घट्ट धरून बसायची.

गूळ सापडला त्या रात्री चन्नवीर माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

“अव्वा, गुळाचं तेवढं... असू दे की तिच्याजवळ एखादा खडा.”

“तिने तुला सांगितलं?”

“तिने नाही. मल्लव्वाने.”

“मल्लव्वाला भाकऱ्या थापायला ठेवलं आहे. तुला बायकोची काळजी आहे आणि मला नाही, असं समजतोस? वर गूळ खाल्ला तर अंदाज चुकणार. अंदाज चुकला तर सुई चुकणार. मग?”

“तसं नाही, अव्वा.”

“उद्या डॉक्टर यायच्या आहेत. त्या म्हणाल्या तर कुलूप काढीन.”

तो थोडा वेळ उंबऱ्यावर घुटमळला आणि गेला.

दुसरा दिवस बाजाराचा. पौष सरत आला होता. तुरीची आवक इतकी झाली होती की गाड्यांची रांग नाक्यापर्यंत गेली होती. पहिल्या पंक्तीला चौदा माणसं होती. वैरागकडचे सिद्राम पाटील नेहमीप्रमाणे भिंतीकडची जागा धरून बसले होते. सत्तरीचा गडी, आवाज असा की कुजबुजले तरी दुकानात ऐकू जावं. आमच्या घरी ते माझ्या सासऱ्यांच्या काळापासून जेवत आले होते.

सव्वाबाराला शैलजाने सुई घेतली. साडेबाराला ताटं मांडली गेली. मी दारातल्या खुर्चीवर बसून पाहत होते.

“काय वो अव्वा,” सिद्राम पाटलांनी विचारलं, “सूनबाईच्या साखरंचा अंदाज सांगणारा कागद आलाय म्हनं?”

“आला आहे.”

“रेडिओवाला पन सांगतो की. म्हनला, पाऊस येनार. आमी कापूस झाकून बसलो आन् आठ दिवस असलं ऊन पडलं!”

पंक्त हसली. मीही थोडं हसले. “रेडिओला तुमचं शेत दिसत नाही, पाटील. या कागदाला घरातलं सगळं सांगितलेलं आहे.”

“मंग बरोबर.”

एक वाजला. तक्त्यावर एकशे अठ्ठेचाळीस. शैलजा भाकऱ्यांची टोपली घेऊन फिरत होती. चेहरा पांढरा दिसत होता. बाजाराच्या दिवशी तो तसा असतोच, असं मी मनाशी म्हटलं. एक वाजून दहा मिनिटांनी तिने एकाच माणसाला शेंगाचटणी दोनदा वाढली. तो म्हणाला, “वैनी, आता वाढली की.” तिने तिसऱ्यांदा वाढली.

“शैलजा, लक्ष कुठे आहे?” मी जागेवरून म्हटलं.

ती पुढे सरकली, वाकली आणि तिने दोन ताटांच्या मधल्या रिकाम्या फरशीवर एक भाकरी ठेवली. नीट, काळजीपूर्वक ठेवली.

“आता जमिनीला बी भूक लागली व्हय!” सिद्राम पाटील म्हणाले आणि सगळे मोठ्याने हसले.

मी हसले नाही. मी खुर्चीवरून उठले. “शैलजा!”

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मी कुणीच नव्हते. चौदा वर्षं जी मला रोज सकाळी वाकून नमस्कार करत आली, ती बाई मला ओळखत नव्हती. मग तिचे गुडघे वाकले. टोपली आधी पडली, ती नंतर.

हसणं कुठे थांबलं ते मला आठवत नाही. चन्नवीर दुकानातून धावत आला तेव्हा त्याच्यामागून डॉक्टर हिरेमठ येत होत्या. त्यांची गाडी तेवढ्यात दारात लागली होती. त्यांनी चपला काढल्या नाहीत. तशाच पंक्तीतून ताटं ओलांडत आल्या आणि शैलजाजवळ बसल्या.

“सुई कधी घेतली?”

“सव्वाबाराला,” मी म्हणाले. “बरोब्बर सव्वाबाराला. साखर उतरलेली नाही, डॉक्टर. दीडशे आहे. तुमच्या तक्त्यात बघा, दीडशे आहे!”

त्यांनी शैलजाच्या बोटाला टोचलं. छोट्या यंत्रावर आकडा यायला पाच सेकंद लागतात. ते पाच सेकंद मी मोजले.

“एकतीस,” त्या म्हणाल्या.

शैलजाचे दात घट्ट बसले होते आणि डोळे अर्धवट उघडे होते. डॉक्टरांनी बॅगेतून बाटली काढली, दंडाला पट्टा आवळला, शीर शोधली. पहिल्यांदा मिळाली नाही. दुसऱ्यांदा मिळाली. ग्लुकोज हळूहळू आत जाऊ लागलं. चन्नवीर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि “शैला, ए शैला” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. आईसमोर बायकोला नावाने हाक त्याने त्याआधी कधी मारली नव्हती. चौदा माणसं खरकटे हात छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली. मी तक्ता हातात धरून होते. का धरला होता कोण जाणे.

सहा मिनिटांनी तिच्या पापण्या हलल्या. आठव्या मिनिटाला तिने पाणी मागितलं. डॉक्टरांनी पुन्हा टोचलं आणि म्हणाल्या, “एकशे चार. आली.” सोप्यात एवढ्या माणसांनी एकदम सोडलेला श्वास मला ऐकू आला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “आज दुपारी यांनी काय खाल्लं?”

“अजून लिहायचं आहे. भाकरी, पालेभाजीचं गरगट, शेंगाचटणी...”

“साडेबाराला?”

“साडेबाराला. आमच्या घरी जेवण साडेबारालाच असतं. बावन्न वर्षं.”

“साडेबाराला पूर्ण जेवण झालं आणि सव्वा वाजता एकतीस?” त्या स्वतःशीच बोलत होत्या. “जठर कितीही मंद असलं तरी असं... शैलजाताई, तुम्ही आज नीट जेवलात ना?”

शैलजाने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

“काय विचारता, डॉक्टरीणबाई!” सिद्राम पाटील पुढे झाले. वातावरण हलकं करावं, घराचा मान राखावा, एवढाच त्यांचा हेतू होता. मला तो अजूनही दिसतो. “या घरची सून आमच्या आधी घास घेईल व्हय? दोनी पंगती उठल्यावर, आमची ताटं उचलल्यावर बसत्यात बायका. अडीच वाजू देत न्हाईतर तीन. अव्वाबी तशाच, त्यांची सासूबी तशीच. असलं घर ह्या बाजारात दुसरं न्हाई!”

दोनचार जणांनी माना डोलावल्या.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी कोनाड्यातली वही उचलली, पानं मागे उलटत गेल्या, पुढे उलटत आल्या. “आजी, हे साडेबारा म्हणजे कुणाचं जेवण?”

“आमचं,” मी म्हणाले.

“आमचं म्हणजे कुणाचं?”

मी घरातल्या जेवणाची वेळ लिहिली होती. घरातल्या जेवणाची वेळ साडेबारा होती. हे मी कुणालाही, देवापुढे उभी राहूनही, सांगितलं असतं. दारातल्या खुर्चीवर बसून रोज साडेबाराला मी शैलजाला वाढताना बघत होते आणि रोज संध्याकाळी, साडेबाराला ती जेवली, असं लिहीत होते. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या.

“शैलजा,” मी विचारलं, “तू किती वाजता जेवतेस?”

“अडीच,” ती डोळे न उघडता म्हणाली. “बाजारच्या दिवशी तीन.”

“आणि सुई? आधी, स्वयंपाकघरात घ्यायचीस ती?”

“जेवायला बसताना.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

चन्नवीरने पहिल्यांदाच माझ्या डोळ्याला डोळा दिला आणि म्हणाला, “कुणाला सांगायचं, अव्वा?”

डॉक्टर वही मिटून माझ्यासमोर बसल्या. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं झालं असतं. “म्हणजे जठराला काही झालेलं नाही. यंत्राला वाटलं, जेवण दोन तास उशिरा अंगी लागतं आणि सुईसुद्धा उशिरा काम करते. त्याने तसा अंदाज दिला. सुई खरोखर सव्वाबाराला सुरू झाली आणि जेवण अडीचलाच राहिलं. हे दहा दिवस यांनी कसे काढले?”

“गुळावर,” मल्लव्वा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. आणि तिने माझ्या कमरेकडे पाहिलं.

किल्ली मी तिथल्या तिथे काढून तिच्या हातात दिली.

“आता सुई अडीचला न्यायची का?” चन्नवीरने विचारलं.

“नेता येईल. पण सकाळी आठनंतर अडीचपर्यंत पोटात काही नाही आणि वर ही एवढी उठबस, हे यांना चालणार नाही. ज्याला साखर उतरलेली कळत नाही, त्याने असं राहणं धोक्याचं आहे. वेळेवर जेवायला हवं. वहीत लिहिलंय तसं.”

“वहीत लिहिलंय तसंच होईल,” मी म्हणाले. “माझ्या हातचं लिहिलेलं खोटं राहणार नाही. उद्यापासून शैलजा साडेबाराला जेवेल.”

“उद्यापासूनचं ठीक,” त्या म्हणाल्या. “पण मागचे सव्वीस दिवस दुरुस्त करावे लागतील. नाहीतर यंत्र चुकीचंच शिकत राहील.”

त्या संध्याकाळी शैलजा अंथरुणावर पडली होती आणि मी तिच्या उशाशी वही घेऊन बसले. एकेका दिवसापुढचं साडेबारा खोडायचं आणि ती आठवून सांगेल ती वेळ लिहायची. सव्वादोन. अडीच. दोन चाळीस. अमावास्येला सव्वातीन. तिला प्रत्येक दिवस आठवत होता. माझ्या नेटक्या वहीत सव्वीस ठिकाणी काट पडली. शेवटचं पान झाल्यावर ती म्हणाली, “अव्वा, उद्या मी आत, चुलीपाशी बसून जेवीन. पुढे नको.”

“आत बसलीस तर कुणी ना कुणी हाक मारणार आणि तू उठणार.”

“पण त्या सगळ्यांच्या आधी...”

“आधी नाही. बरोबर.”

बाजारात मालाचा एवढा ढीग पडला होता की निम्मे लिलाव दुसऱ्या दिवसावर गेले. म्हणून तीच माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्तीला होती. सव्वाबाराला शैलजाने माझ्यासमोर सुई घेतली. सुई आत गेली. आता मागे फिरता येत नव्हतं. पंधरा मिनिटं, फार तर वीस, त्यात अन्न पोटात जायलाच हवं.

साडेबाराला ताटं मांडली. सिद्राम पाटलांच्या शेजारचं पान मी शैलजासाठी मांडायला लावलं आणि तिला हाताला धरून त्यावर बसवलं. डोक्यावरचा पदर तिने कपाळापर्यंत ओढून घेतला. मी स्वतः वाढायला घेतलं. भाकरी, गरगट, चटणी, आमटी, ताक.

“जेव,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. हात मांडीवरच राहिला.

पंक्तीतल्या काही जणांनी घास घेतला होता, काहींनी हातातला तसाच धरून ठेवला होता. शेजारी घरची सून बसली आहे आणि सत्तरीची बाई वाढते आहे. त्या माणसांनाही कुठे बघावं कळेना. बारा पस्तीस झाले.

“शैलजा, जेव.”

“घेते, अव्वा.”

तिने भाकरीचा तुकडा मोडला. मोडलेला तुकडा ताटात तसाच राहिला. तिची बोटं त्याच्यावर होती आणि उचलत नव्हती. मी तिला ओरडून सांगू शकले असते. ओरडून सांगितलेलं तिने आजवर सगळं ऐकलं होतं. पण हे तिच्याच्याने होत नव्हतं. सासू उभी असताना, परपुरुष बसलेले असताना हात तोंडापर्यंत नेणं तिच्या अंगात नव्हतं. ते तिच्या अंगातून मीच काढून टाकलं होतं, चौदा वर्षं खपून.

बारा अडतीस. तिच्या ओठावर मला पांढरी रेघ दिसली, की भास झाला, सांगता येत नाही. कालची नजर मला आठवली. सुईने आपलं काम सुरू केलेलं असणार.

आमटीचं पातेलं मी पंक्तीच्या मधोमध फरशीवर ठेवलं.

“मल्लव्वा, एक ताट आण.”

“कुनाला, अव्वा?”

“मला.”

मल्लव्वाने ताट आणलं. मी पदर खोचला, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले, शैलजाच्या डाव्या हाताला, तिच्या गुडघ्याला माझा गुडघा लागेल अशी. बावन्न वर्षांत त्या सोप्यातल्या फरशीवर मी बसलेले नव्हते. फरशी थंड होती. सगळे माझ्याकडे बघत होते. चन्नवीर दुकानाच्या दारात येऊन उभा होता. मी भाकरी मोडली, गरगटात बुडवली आणि घास तोंडात घातला.

तो गिळला जाईना. पाहुण्यांच्या पंक्तीत, पुरुषांच्या समोर. मी तो चावत राहिले, पुन्हा पुन्हा चावत राहिले, डोळ्यांत पाणी आलं तरी चावत राहिले, आणि गिळला. मग दुसरा घेतला.

शेजारी हालचाल झाली. शैलजाचा हात वर गेला. पदराच्या आडून मला तिचा जबडा हलताना दिसला. एकदा, दोनदा. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. पाहायचं धैर्य नव्हतं. तिने दुसरा घास घेतला, मग तिसरा, आणि मग कालपासूनची सगळी भूक एकदम आठवल्यासारखी ती भराभर जेवू लागली.

सिद्राम पाटलांनी खाकरून घसा साफ केला.

“अव्वा,” ते दबकत म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच दुकानापर्यंत गेला नसेल, “तुमी दोघी बसल्यावर आमाला वाढनार कोन?”

“पातेलं समोर आहे, पाटील,” मी म्हणाले. “आणि देवाने हात दिले आहेत. घ्या, आणि शेजारच्याला वाढा. आधी माझ्या सुनेला वाढा. तिची आमटी संपली आहे.”

पाटलांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने पातेलं जवळ ओढलं, पळी उचलली आणि शैलजाच्या ताटात आमटी वाढली.